हूच, टोकोआ आणि थर्मामीटर : एका ट्राउट-मोसमाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२२, शनिवार. कमिंग, जॉर्जिया

प्रकल्प सुरू. आजपासून मेच्या मध्यापर्यंत अटलांटाच्या उत्तरेकडच्या नद्यांवर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग करायचं आणि दर वेळी तीन गोष्टी वहीत लिहायच्या: पाण्याचं तापमान, धरणाचा विसर्ग, मासा किती वाजता खायला लागला. कोणती फ्लाय चालली हा चौथा रकाना. नदीवर भेटणारा जो तो पहिला प्रश्न फ्लायचाच विचारतो. मला वाटतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. वही काय म्हणते बघू.

तापमान फॅरनहाइटमध्ये लिहीन, कारण इथलं सगळं त्यातच चालतं. ५० म्हणजे १० सेल्सिअस आणि ६८ म्हणजे २०. या दोहोंच्या मध्ये ट्राउट सुखात असतो. ६८ च्या वर पाण्यातला प्राणवायू घटतो आणि माशाला तर तेव्हाच तो जास्त लागतो. ४० च्या खाली गेलं की तळाशी पडून राहतो, तोंड उघडायचाही कंटाळा करतो.

कोकणात गरी टाकलेल्यांसाठी एक खुलासा. इथे कोळंबी नाही, गांडूळ नाही. दोरा, तार आणि पिसं गळाला गुंडाळून किडा तयार करायचा. तो इतका हलका असतो की फेकला जात नाही, म्हणून वजन दोरीत असतं आणि फेकायची ती दोरी, किडा तिच्यामागे जातो. माझी रॉड ९ फुटी, लाइन ५ नंबरची.

मुख्य नदी चॅटाहूची, इथल्यांच्या तोंडी ‘हूच’. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने तिच्यावर बुफोर्ड धरण बांधलं आणि मागे लेनियर तलाव झाला. धरणातून पाणी सुटतं ते तळाजवळचं, थंडगार. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात माणसं घामाने निथळत असताना धरणाखाली उभं राहिलं की पाय बधिर होतात. इथे ट्राउट आहेत ते त्या धरणामुळेच. मूळची ही नदी त्यांची नव्हे.

१९ नोव्हेंबर. कॉक्रन शोल्स

पाणी ५२. विसर्ग स्थिर.

ही शहरातली हूच. वरून २८५ नंबरचा हायवे घोंघावतोय आणि खाली आम्ही मांडीभर पाण्यात. थोडं वर मॉर्गन फॉल्सचं छोटं धरण आहे, १९०४ चं, अटलांटाच्या ट्रामना वीज द्यायला बांधलेलं. बुफोर्डपासून तिथवर पाणी साधारण ५८ किलोमीटर चालून येतं आणि वाटेत धरणाचा गारवा हरवून बसतं. उन्हाळ्यात इथे ट्राउट तगत नाही. म्हणून राज्याने हा तुकडा ‘डिलेड हार्वेस्ट’मध्ये ठेवला आहे. हॅचरीत, म्हणजे मासे पैदा करण्याच्या केंद्रात, वाढवलेले मासे सोडायचे आणि १ नोव्हेंबर ते १४ मे लोकांनी ते पकडून परत पाण्यात सोडायचे. एकेरी गळ, कृत्रिम आमिष. १५ मेपासून न्यायला मोकळीक, म्हणजे उकाड्याने मरायच्या आत कुणाच्या तरी तव्यावर जातील.

नुकत्याच सोडलेल्या माशांना हॅचरीच्या गोळ्यांची सवय असते, त्यामुळे समोरून जे जाईल ते तोंडात घेऊन बघतात. मेहुणा सोबत होता. वुली बगर नावाच्या काळ्या फ्लायवर पाठोपाठ मासे काढले आणि म्हणाला, “भावोजी, तुमचं थर्मामीटर काय म्हणतंय?” आजच्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. असल्या माशांना चपलेचा तुकडा बांधला तरी चालतो.

१० डिसेंबर. बोमन्स आयलंड, धरणाच्या खाली

पाणी ५४, गढूळ.

लेनियर तलाव उलटला. उन्हाळाभर वर कोमट आणि खाली गार असे दोन थर असतात आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. तळाच्या थराला महिनोन्‌महिने हवा मिळत नाही, प्राणवायू संपतो, मग गाळातलं लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळतं. थंडी पडली की वरचा थर गार आणि जड होऊन खाली बसतो, वारा ढवळून काढतो आणि सगळा तलाव एकजीव होतो. त्या दिवसांत धरणातून सुटलेल्या पाण्याला हवा लागली की त्यातलं लोह-मँगनीज गंजतं आणि नदीला कोऱ्या चहाचा रंग येतो. पाऊस नाही, काही नाही, तरी पाणी गढूळ. नवखे लोक गेज, म्हणजे विसर्गाचा आकडा, बघून येतात आणि वैतागून परत जातात.

या गढूळ पाण्यातच ब्राऊन ट्राउटची अंडी घालायची वेळ असते. वरच्या भागात राज्याने ब्राऊन सोडणं कधीच बंद केलं, कारण ते स्वतःच वाढतात आणि चांगले वाढतात. राज्याचा विक्रमी ब्राऊन याच नदीतला, २०१४ चा, २० पौंड १४ औंस. मादी शेपटीने खडी झाडून उथळ खड्डा करते. भोवतालची खडी शेवाळी, काळपट आणि हा खड्डा मात्र घासलेल्या परातीएवढा फिकट. तिथे पाय द्यायचा नाही आणि त्यावर बसलेल्या माशावर गळही टाकायचा नाही. आज एकाला हे सांगितलं, तर तो म्हणाला कायद्यात कुठे लिहिलंय. लिहिलेलं नाही. पण तिथे उभा राहिलास तर तीन वर्षांनी इथे काय पकडशील?

२६ डिसेंबर. धरणाखाली

पाणी ५०. हवा पहाटे गोठणबिंदूच्या खाली.

नाताळच्या आधी इथे जी थंडी पडली ती अटलांटाला वर्षानुवर्षं आठवेल. २४ ला पारा ८ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे १३ सेल्सिअस. घराघरांत नळ फुटले. आज जरा उतार आहे म्हणून गेलो.

नदीवर वाफ. हवा बर्फाची आणि पाणी ५०, म्हणजे माशाला थंडी पडल्याचा पत्ताच नाही. रॉडच्या कड्यांत मात्र दर पाचसहा फेकींनंतर बर्फाचं टोपण बसायचं आणि दोरी अडकायची. मग रॉडचं टोक पाण्यात बुडवून ठेवायचं, तिथेच ते वितळतं. कुणी कुणी कड्यांना लिप बाम लावतात. थोडा वेळ चालतं.

पुलाखालच्या संथ पाण्यात मिज उडत होते. डासाएवढा किडा, चावत नाही, हिवाळाभर धरणाखाली हेच मुख्य अन्न. २० नंबरच्या गळावर (नंबर जितका मोठा तितका गळ बारीक) झेब्रा मिज नावाची काळी फ्लाय, वर इंडिकेटर म्हणजे छोटा तरंगता फुगा, मध्ये दाण्याएवढं शिसं. इंडिकेटर बुडत नाही, फक्त किंचित अडखळतो. तेवढ्यावर हात उचलायचा. पावणेअकरा ते दीड मासे लागत राहिले. शेजारचा म्हातारा तपकिरी मिज वापरत होता, त्यालाही तेवढेच. चौथ्या रकान्याविरुद्ध पहिला पुरावा.

धरणाखाली जाणाऱ्यांसाठी, मराठी मंडळींनी तर मनावर घ्यावं असं: वीज बनवायची वेळ झाली की भोंगा वाजतो. एरवी विसर्ग ६०० क्युसेकच्या आसपास असतो, टर्बाइन सुरू झाले की हजारोंत जातो. मिनिटांत गुडघ्याचं पाणी छातीला येतं, तेही ५० अंशांचं. वेळापत्रक फोनवर मिळतं, पण ते बदलतं. धरणापासून हायवे २० च्या पुलापर्यंत लाइफ जॅकेट अंगावर घालणं कायद्याने सक्तीचं आहे. अंगावर, पिशवीत नव्हे. या पाण्यात माणसं बुडून गेली आहेत. आपल्याकडे कोयनेचा विसर्ग वाढला की गावांना इशारा देतात, तो ज्यांनी ऐकलाय त्यांना भोंग्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

८ जानेवारी २०२३. घरी

संक्रांतीच्या कार्यक्रमाची तयारी एका खोलीत, माझं फ्लाय बांधणं दुसऱ्या. तिळाचा आणि फ्लायची गाठ पक्की करणाऱ्या हेड सिमेंटचा वास एकत्र येतोय, घरची मंडळी नाराज.

झेब्रा मिज: गळावर चांदीरंगी मणी ओवायचा, काळा दोरा गळाच्या वळणापर्यंत न्यायचा, बारीक चंदेरी तार बांधून दोरा एकसारखा पुढे आणायचा, मग तारेचे पाच-सहा वेढे समान अंतरावर, मण्यामागे गाठ. एवढंच. पहिल्यावहिल्या बांधणाऱ्यालाही जमतं. माझ्या पेटीत निम्म्याहून जास्त हेच.

पिसांचं मात्र वेगळं प्रकरण आहे. इथल्या दुकानांत स्वस्त हॅकल, म्हणजे फ्लायला गुंडाळायची पिसं, म्हणून कोंबड्याच्या मानेची कातडी मिळते, तिच्यावर ‘इंडियन’ लिहिलेलं असतं. सगळ्यात मान मात्र आपल्या राखी रानकोंबड्याचा. सह्याद्रीत पहाटे ओरडतो तो. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळट-पांढरे चकाकते ठिपके असतात आणि व्हिक्टोरियन काळातल्या सामन फ्लायवर ते डोळा म्हणून लावत. त्या हौसेपायी किती पक्षी गेले कुणास ठाऊक. भारताने पुढे निर्यात बंद केली ते बरं झालं.

इथल्या डोंगराळ भागाची अशीच एक जुनी फ्लाय आहे, यलोहॅमर; डोंगरातले लोक ‘यालरहॅमर’ म्हणतात. फ्लिकर जातीच्या सुतारपक्ष्याच्या पंखाचं पिवळं पीस अर्धं चिरून गळाला गुंडाळायचं. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने ते पीस बाळगणंही गुन्हा ठरलं. आता रंगवलेल्या पिसांनी बांधतात. दोनचार मीही बांधल्या, फेब्रुवारीसाठी.

२८ जानेवारी. टोकोआ, तलावाच्या वर

पाणी सकाळी ३९, दुपारी दोनला ४३.

ही धरणाखालची नदी नव्हे, डोंगरातून मोकळी येणारी. उत्तरेकडे वाहते, ब्लू रिज तलावात शिरते, तिथून निघून मॅकेजव्हिलला टेनेसीची हद्द ओलांडली की तिचं नाव ओकोई होतं. १९९६ च्या ऑलिंपिकची कयाक स्पर्धा पुढे त्याच पाण्यात झाली.

शॅलोफर्डच्या लोखंडी पुलाच्या वरच्या अंगाला डिलेड हार्वेस्टचा तुकडा आहे. सकाळभर काही म्हणजे काही नाही. मेहुणा सगळी पेटी बदलून झाला. मी दर तासाला थर्मामीटर बुडवत बसलो, तो मला हसत होता. साडेबाराला ऊन काठावर आलं. एक दगड उलटला: खालच्या बाजूला वाळूच्या कणांची घरटी चिकटवून बसलेल्या कॅडिसच्या अळ्या, आणि दोन शेपट्यांचे, नखाएवढे काळे स्टोनफ्लाय काठाकडे सरकत. हे हिवाळ्यातच बाहेर येतात, कोरड्या दगडावर चढून कात टाकतात. पाणी ४२ ला पोचलं आणि पहिला मासा लागला. तीनला ऊन कड्यामागे गेलं आणि दुकान बंद.

सकाळी ज्या फ्लायला कुणी विचारलं नाही तीच, त्याच खड्ड्यात, तीन अंशांनी चालली. हिवाळ्यात डोंगरातल्या नदीवर पहाटे उठून जाण्यात शहाणपण नाही. पोहे खाऊन, दुसरा चहा घेऊन निघावं.

२५ फेब्रुवारी. ओकोनालफ्टी, स्मोकी पर्वत

पाणी ५१. ढगाळ.

या आठवड्यात अटलांटात पारा ८० च्या घरात गेला. फेब्रुवारीत! स्मोकीजमधल्या जुन्या लोकांचा हिशेब असा की पाणी सलग काही दिवस दुपारी ५० च्या वर गेलं की क्विल गॉर्डन निघतो, वसंतातला पहिला मोठा मेफ्लाय. पंचांगात मार्च असला तरी किडा पंचांग बघत नाही. म्हणून तीन तास गाडी हाकत नॉर्थ कॅरोलायनात आलो, आणि निघाला.

बहुतेक मेफ्लाय पाण्याच्या वर येऊन कात टाकतात. हा तळाशीच टाकतो आणि पंख घेऊन वर येतो, म्हणून पृष्ठभागावर दिसायच्या आधी मासा त्याला मधल्यामध्ये उचलतो. ड्राय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, फ्लाय फेकणाऱ्यांना वाटतं मासे नुसते उड्या मारतायत, घेत काही नाहीत. मी यालरहॅमर बुडवून, ताण देऊन आडवी ओढली आणि दोनच्या सुमाराला असा दणका बसला की दोरी बोटातून सुटली. रेनबो, फूटभर. खाली ओली हिरवट पाठ, अंगावर गुलाबी पट्टा, आणि माझ्या ओल्या हातातून तो केव्हा गेला कळलं नाही.

इथल्या राष्ट्रीय पार्कातल्या वरच्या ओढ्यांत मूळचे ब्रूक ट्राउट आहेत, इथे त्यांना ‘स्पेक’ म्हणतात. या डोंगरातला जातिवंत ट्राउट फक्त तोच. रेनबो पश्चिमेकडून आणलेला, ब्राऊन युरोपातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लाकूडतोडीने ओढे उघडे पडले, तापले, वर रेनबोने जागा घेतली. १९७० च्या दशकात पार्काने ब्रूक धरायला बंदी घातली ती २००६ मध्ये उठवली. आता दुसरं संकट: हेमलॉकच्या झाडांना लागलेली पांढरी कीड. ओढ्यांवर सावली धरणारी झाडं करड्या खुंटांसारखी उभी आहेत. मी वर गेलो नाही. रोडोडेंड्रॉनच्या जाळीत ९ फुटी रॉड घेऊन शिरणं म्हणजे भांडण विकत घेणं.

१८ मार्च. डेव्हिडसन नदी, ब्रेवर्डजवळ

पाणी ४४. थंडी परत आली.

पिसगाच्या जंगलातली प्रसिद्ध नदी, वरचा भाग फक्त फ्लायचा आणि मासा सोडून देण्याचा. हॅचरीतून सुटणाऱ्या पाण्यामुळे खालचा तुकडा सकस, मिज भरपूर, मासे मोठे आणि बोलूनचालून शहाणे. दोरीच्या टोकाला ७एक्सचा टिपेट, म्हणजे केसासारखा धागा. मासा फ्लायच्या मागे हातभर येतो, बघतो, परत जातो. अपमान करतात अक्षरशः.

फ्लायच्या बाजूचं काही खरं असेल तर ते इथे. २२ नंबर चालला तिथे १८ चालला नाही, दोन्ही काळेच. ढग आले तेव्हा बारीक ऑलिव्ह मेफ्लाय निघाले आणि ऊन पडताच थांबले, तापमान मात्र तेवढंच. याची नोंद वेगळी ठेवायला हवी.

रात्री मालवणच्या आत्याचा फोन. मासे मिळाले का विचारलं, मिळाले म्हटलं, मग कुठे आहेत, सोडले. “सोडूचो होतो तर गरवलंस कित्याक?” यावर मी आजवर दिलेलं एकही उत्तर तिला पटलेलं नाही.

१५ एप्रिल. टोकोआ, धरणाच्या खाली

पाणी ५३. टीव्हीएचं (धरण चालवणाऱ्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचं) विसर्ग-वेळापत्रक: दुपारनंतर एक टर्बाइन.

ब्लू रिज ते मॅकेजव्हिल. काठ बहुतेक खासगी, त्यामुळे पाण्यात उतरायला टॅमन पार्क, कर्टिस स्विच, हॉर्सशू बेंड अशा मोजक्याच जागा, आणि शनिवारी तिथे लग्नाच्या पंगतीएवढी गर्दी. लवकर जावं लागतं.

अकराच्या सुमाराला कॅडिस निघाले. आधी एखाददुसरा, मग वेडरवर (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीवर), चष्म्यावर, कानात. मेफ्लायसारखे शांत तरंगत नाहीत, पाण्यावर तुरुतुरु धावतात. मासे अर्धं अंग बाहेर काढून घेत होते. १६ नंबरचा एल्क हेअर कॅडिस, पोटाला हिरवट दोरा: लागोपाठ मासे. तोच आकार पण पोट पिवळं: तासभर शुकशुकाट. मेहुण्याकडे हिरवट नव्हते, एक मागून घेतला आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याच्याही रॉडला बाक आला. “भावोजी, लिहा आता वहीत!” लिहितोय.

म्हणजे वहीचं म्हणणं असं दिसतं: डेव्हिडसनचे शहाणे मासे सोडले तर ५० च्या खाली पाणीच सगळं ठरवतं, मासा खाणार की नाही एवढाच प्रश्न असतो. ५० च्या वर, किडे भरपूर असले की तो निवडून खातो आणि तेव्हा फ्लायला किंमत येते. हिवाळ्यात दुकानांतून नव्या फ्लाय घेण्यात पैसे घालवणाऱ्यांनी ते वसंतासाठी राखून ठेवावेत.

एक वाजता विसर्ग. आम्ही साडेबाराला काठावर.

१४ मे, रविवार. कॉक्रन शोल्स

पाणी सकाळी आठला ६५.

डिलेड हार्वेस्टचा शेवटचा दिवस. आज मदर्स डे, त्यामुळे दहापर्यंतच परवानगी. तेवढंही पुरलं, नऊनंतर पाणी चढत गेलं आणि लागलेला मासा दमून लवकर आडवा पडायला लागला. असा मासा सोडला तरी जगेल याची खात्री नसते, म्हणून नवाच्या पुढे रॉड आवरली.

उद्यापासून दिवसाला आठ ट्राउट न्यायची मुभा. मेहुणा जाणार आहे, मसाला-रवा लावून तळायचा बेत ठरलाय, आत्याला फोटो पाठवायचाय. माझी काही हरकत नाही, हे मासे जुलै बघणार नव्हतेच. फक्त धरणाखालच्या ब्राऊनना हात लावायचा नाही एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

पुढचा मोसम लवकर सुरू करणार. नॉर्थ कॅरोलायनात टकासीजी नदीवर डिलेड हार्वेस्ट १ ऑक्टोबरलाच लागतो. डिल्सबरोचं धरण २०१० मध्ये पाडल्यापासून तिथली नदी मोकळी आहे, आणि वेबस्टरजवळ चेरोकी लोकांनी मासे अडवायला रचलेली दगडांची इंग्रजी व्हीच्या आकाराची ओळ पाणी उतरलं की अजून दिसते. वहीत पाचवा रकाना आखला: ढग.